शालेय वाचनयादी ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि शालेय ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणारे सर्व

विषय: वाचनयादीतील ‘सामाजिक प्रश्न व आरोग्य’ हा विभाग नव्याने लावण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, आपल्या राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या सुमारास जवळपास प्रत्येक शाळेच्या फलकावर ‘विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावीत अशी पुस्तके’ या मथळ्याची एक यादी लागते. मी एका तालुक्याच्या गावी अर्धवेळ ग्रंथपाल आहे, त्यामुळे आमच्या शाळेबरोबरच आसपासच्या शाळांच्या याद्याही माझ्या नजरेखालून जातात. चरित्रे, ऐतिहासिक कादंबऱ्या, शास्त्रज्ञांच्या गोष्टी, बोधकथा अशा क्रमाने यादी उतरत जाते आणि अगदी तळाशी ‘सामाजिक व आरोग्यविषयक’ असा एक विभाग येतो. त्यात स्वच्छतेवरील घोषवाक्यांचा संग्रह, घरगुती उपचारांचे एखादे पुस्तक आणि व्यसनमुक्तीवरील भाषणे असतात. हा विभाग पाहून त्यातले पुस्तक कोणी मागायला आल्याचे मला आठवत नाही. मुलांना या विषयांत रस नसतो असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे की मुलांना रस पुष्कळ असतो. आपली यादीच त्यांच्या प्रश्नांना हात घालत नाही, आणि जिथे घालते तिथे ते पुस्तक निर्धास्तपणे घरी नेता येईल अशी सोय आपण केलेली नसते. या दोन गोष्टी बदलाव्यात यासाठी हे पत्र आहे.

आरंभ चरित्रांपासून करतो, कारण सामाजिक विषयांची गरज चरित्रांनी भागते असा समज आपल्याकडे पक्का आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आठवीतल्या कोणत्याही मुलीला ठाऊक असते आणि 1886 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली मराठी स्त्री हे उत्तर तिला पाठ असते. परंतु आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या, योग्य उपचारांअभावी ते मूल दहा दिवसांतच गेले, डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते आणि पदवी घेऊन परतल्यावर 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला, हा सगळा भाग वक्तृत्व स्पर्धेच्या तीन मिनिटांत बसत नाही म्हणून गळून जातो. वास्तविक बालविवाह, कोवळ्या वयातील बाळंतपण, नवजात बालकाची काळजी आणि क्षयरोग हे चार विषय एका आयुष्यात एकवटलेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. म्हणजे आनंदीबाईंचा प्रश्न ज्यांच्या घराच्या उंबरठ्यावर आजही उभा आहे अशा मुली आपल्याच वर्गांत बसलेल्या आहेत, आणि त्यांना आपण त्या चरित्रातून केवळ ‘पहिली’ हा शब्द देतो.

सावित्रीबाईंच्या बाबतीतही हेच घडते. 1897 च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दत्तक पुत्र डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या, हे पाठ्यपुस्तकात येते. मात्र प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, त्या काळी लोक रोगी का लपवत, विलगीकरणाची धास्ती कशी होती, हे मुलांना सांगणारे पुस्तक यादीत नसते. त्याच वर्षी 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडल्या गेलेल्या गोळ्या मुलांना ठाऊक असतात. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे शंभरांत एखाद्याला ठाऊक असते. इतिहास आणि आरोग्य यांची कपाटे आपण निराळी केली, त्याचा हा परिणाम आहे. तेव्हा पहिली विनंती अशी की चरित्राची शिफारस करताना त्या पुस्तकातून कोणता प्रश्न वाचायचा आहे, याची एक ओळ नावापुढे लिहावी.

आता आरोग्याच्या पुस्तकांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे गाफीलपणाचे मोल थेट जिवाशी येते. कथा-कादंबरी जुनी झाल्याने बिघडत नाही. आरोग्याचे पुस्तक मात्र जुने झाले की चुकीचे होऊ शकते. अनेक शाळांच्या कपाटांत अजूनही असे प्रथमोपचाराचे पुस्तक सापडते, ज्यात साप चावल्यास जखमेवर चीर द्यावी, रक्त चोखून काढावे आणि वरच्या बाजूस दोरी करकचून आवळावी असे चित्रासह दिलेले असते. या तिन्ही गोष्टी करू नयेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला धीर देऊन शक्य तितक्या लवकर प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात पोचवणे, हाच उपाय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर त्या एकाच औषधाने उपचार होतात. मुले आजही रानातून, शेतावरून, ओढ्याच्या काठाने शाळेत येतात, हे लक्षात घेतले तर ते जुने पुस्तक कपाटात असणे हे नुसते निरुपयोगी नाही, तर घातक आहे.

कुत्रा चावण्याचेही तेच. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती जुन्या पुस्तकांतून आणि आजोबांच्या आठवणींतून मुलांच्या मनात अशी बसली आहे की कुत्र्याने दात लावले तरी मूल घरी सांगत नाही. ती जुनी लस बंद होऊन बराच काळ लोटला. आता दंडावर चार-पाच वेळा लस टोचतात, जखम खोल असेल तर जखमेतही औषध टोचावे लागते आणि त्याआधी सर्वांत मोलाचे काम घरीच करायचे असते, ते म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे. रेबीज एकदा उलटला की त्यावर उपचार नाही. हे सांगणारे चार पानांचे पुस्तकही माझ्या मते यादीत सर्वांत वर असायला हवे. एचआयव्हीवरील जुन्या पुस्तिकांत आजाराला मृत्यूचे दुसरे नाव म्हणून रंगवलेले असते. आज नियमित औषधे घेणारी व्यक्ती दीर्घ आयुष्य जगते, आणि 2017 च्या कायद्याने अशा मुलाला शाळेत भेदभावाची वागणूक देण्यास मनाई केली आहे. जुनी पुस्तिका वाचून वर्गमित्राशेजारी बसायला नकार देणाऱ्या मुलाला दोष कसा द्यावा?

पुस्तक काढून टाकण्यात दप्तरी अडचण असते, याची मला कल्पना आहे. दाखल नोंदवहीत चढलेले पुस्तक निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करण्याच्या, प्रक्रियेशिवाय हलवता येत नाही आणि लेखापरीक्षणाच्या वेळी पुस्तक कमी भरले तर वसुली ग्रंथपालाच्या माथी येईल ही भीती खरी आहे. म्हणून मुख्याध्यापकांनी पुढाकार घ्यावा. निर्लेखन होईपर्यंत अशी पुस्तके देवघेवीतून काढून निराळ्या कपाटात ठेवावीत आणि प्रत्येकावर ‘माहिती कालबाह्य’ अशी चिठ्ठी लावावी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना वर्षातून एकदा बोलावून आरोग्याच्या पुस्तकांवरून नजर फिरवून घ्यावी. कपाट फार मोठे नसते. एका दुपारचे काम आहे.

दुसरे असे की सगळ्या राज्याला मिळून एकच यादी पुरत नाही. गडचिरोली, नंदुरबारकडील मुलांना सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार काय आहे, आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक कशी असते, हे समजावून देणारे पुस्तक हवे. विदर्भात खर्ऱ्यावरचे, पश्चिम महाराष्ट्रात मिश्री आणि माव्यावरचे, म्हणजे तिथे तिथे चालणाऱ्या तंबाखूच्या पदार्थांवरचे. कोकणात विंचूदंशावरचे हवे, आणि तिथे तर सांगण्यासारखी गोष्ट महाडमध्येच घडलेली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे का दगावतात याचा माग काढला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवले. कोकणातल्या एका तालुक्यात झालेले ते काम जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांपर्यंत पोचले. शास्त्रज्ञ म्हणजे परदेशी नाव, अशी समजूत असलेल्या मुलांना यापेक्षा चांगले काय वाचायला द्यावे? मुंबईच्या चाळीतल्या आणि वस्तीतल्या मुलांसाठी क्षयरोग आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस यांना अग्रक्रम द्यावा लागेल.

बीडमधील शाळांच्या यादीबाबत मला विशेष आस्था आहे. दसरा-दिवाळीनंतर तिथल्या वर्गांतील कित्येक बाके रिकामी होतात, कारण आईवडील उसाच्या फडावर जातात आणि मागे आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहण्याची सोय न झालेली मुले त्यांच्याबरोबर जातात. तोडणीला नवराबायकोची जोडी धरतात, त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. त्यामुळे लग्न लवकर उरकण्यात घराचा हिशेबही गुंतलेला असतो. 2019 मध्ये याच जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा भागातल्या मुलीला ‘सकस आहाराचे महत्त्व’ हे पुस्तक देऊन आपण नेमके काय साधतो, हे मला कळत नाही. तिला स्थलांतराबद्दल, मजुरीच्या हिशेबाबद्दल, पाळीतील त्रासाला शस्त्रक्रियेखेरीज कोणते उपचार असतात याबद्दल वाचायला हवे. गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची असते आणि 1098 या क्रमांकावर मुलगी स्वतः फोन करू शकते, हेही तिला छापील स्वरूपात मिळायला हवे.

व्यसनांवरील पुस्तकांबाबत एक निरीक्षण नोंदवतो. ‘व्यसन वाईट’ हे वाक्य मुले पहिलीपासून ऐकत आलेली असतात, त्यामुळे उपदेशाच्या पुस्तकाचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो माणसे दाखवणाऱ्या लेखनाचा. अनिल अवचट यांनी गर्द या मादक पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिले आणि त्यातूनच पुढे 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर त्यांनी केलेले लेखन वाचले की तंबाखू ओढणाऱ्याच्या आधी ती हाताळणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जाते, हे नववीतल्या मुलालाही उमगते. लेखन माणसांपर्यंत गेले की त्यातून संस्था उभी राहू शकते, ही गोष्टही मुलांनी वाचावी. जाता जाता, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे. व्यसनमुक्तीची पुस्तके विकत घेण्याआधी फाटकासमोरच्या टपरीकडे पाहावे, अशी नम्र सूचना आहे.

दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांची आत्मकथने बहुतेक शाळांत ‘फक्त शिक्षकांसाठी’ असा शिक्का मारून ठेवलेली असतात. भाषा शिवराळ आहे, प्रसंग उघडेवाघडे आहेत, हे कारण दिले जाते. काही प्रकरणे त्या वयाला पेलणारी नसतात, हे मी मान्य करतो. परंतु संपूर्ण पुस्तक दूर ठेवण्याऐवजी ‘बलुतं’ किंवा ‘उचल्या’ यांतील निवडक प्रकरणे नववी-दहावीच्या मुलांनी शिक्षकांच्या सोबतीने वाचावीत. भूक, पाणी, गावकुसाबाहेरची वस्ती, पोलिसांचा जाच, दवाखान्यात मिळणारी वागणूक हे सगळे तिथे जितके स्पष्ट आहे तितके नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहाकडे समतेच्या लढ्याबरोबरच पिण्याच्या पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून पाहायला मुले इथे शिकतात. मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे लागेल. ज्या समाजाचे आत्मकथन वर्गात वाचले जाते, त्या समाजाचे एखादे मूल त्याच वर्गात बसलेले असते. ‘हे तुमच्याबद्दल आहे ना?’ असा सूर शिक्षकाच्या किंवा मुलांच्या तोंडून एकदा जरी निघाला, तरी ते मूल पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढणार नाही. त्याला काही सांगावेसे वाटले तर ते सांगेल, विचारायचे नाही.

यावरूनच निर्धास्तपणाचा मुद्दा येतो. आपल्या देवघेव नोंदवहीत मुलाच्या नावापुढे पुस्तकाचे पूर्ण नाव लिहिले जाते आणि वही टेबलावर उघडी असते. पुढच्या मुलाला ती सहज वाचता येते. पाळीविषयीचे, दारुड्या वडिलांच्या घरातील मुलांविषयीचे, उदासपणाविषयीचे पुस्तक कोणती मुलगी, कोणता मुलगा अशा वहीत आपल्या नावे लिहू देईल? नोंदवहीत फक्त दाखल क्रमांक लिहिला तर हिशेब पुरा होतो आणि नावही झाकले जाते. याखेरीज अशा पुस्तकांसाठी एक उघडे फळकूट ठेवावे, जिथून नोंद न करता पुस्तक घ्यावे आणि वाचून तिथेच आणून ठेवावे. चार पुस्तके परत येणार नाहीत हे गृहीत धरावे. न परतलेले पुस्तक कोणीतरी वाचत आहे, असे समजण्यास हरकत नाही. पाळीवरील पुस्तके फक्त मुलींच्या तासाला वाटण्याची पद्धतही बंद व्हावी, कारण भावांनी आणि मुलांनी ती न वाचल्यामुळेच घराघरांत ती कुजबुज टिकून राहिली आहे. लोहाची साप्ताहिक निळी गोळी मुली का टाळतात, हेही त्या कुजबुजीतच अडकलेले असते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असताना हे परवडणारे नाही.

पालक हरकत घेतील, ही भीती आपणापैकी अनेकांच्या मनात असणार, आणि ती निराधार नाही. 2007 मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून अनेक राज्यांत गदारोळ झाला आणि आपल्या राज्यानेही तेव्हा माघार घेतली. त्याहून मागे जायचे तर र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत लैंगिक आरोग्यावरचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले आणि 1934 मध्ये एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. हा वाद मराठी समाजाला नवा नाही आणि तो टाळून संपलेलाही नाही. आज परिस्थितीत एक मोठा फरक आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेखाली 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषय ठरवून दिलेले आहेत आणि मानसिक आरोग्य, स्त्री-पुरुष समानता, व्यसनांपासून बचाव, प्रजनन आरोग्य, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सर्व त्यांत आहे. आपली यादी या विषयांना धरून लावली, तर हरकतीला उत्तर देताना मुख्याध्यापक एकटे पडणार नाहीत. पालकसभेत ती पुस्तके टेबलावर मांडून ठेवावीत आणि पालकांना चाळू द्यावीत; माझा अनुभव असा की हरकत बहुधा पुस्तकाच्या नावाला असते, आत काय आहे ते पाहिल्यावर तीच आई ते घरी न्यायला मागते.

एका बाबतीत मात्र यादी लावण्याआधी तयारी हवी. लैंगिक अत्याचाराविषयी सांगणारे बालवाङ्मय मुलांना दिले की एखादे मूल येऊन आपल्याशी बोलण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रकरण शाळेच्या बदनामीच्या भीतीने दाबणे हा 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. राज्य शासनाने 2022 मध्ये शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचे ठरवले. ती आपल्या शाळेत कागदावर आहे की खरोखर आहे, हे पाहून मगच हे पुस्तक फळकुटावर ठेवावे. मानसिक ताणाविषयीच्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चिकटवावा. तिथे मराठीतून बोलता येते.

पैशांबद्दल थोडक्यात. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि सर्व विषयांवरील पुस्तके असलेले ग्रंथालय असावे असे म्हटले आहे, आणि समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. अडचण रकमेपेक्षा वेळेची असते. पैसे मार्चच्या तोंडावर हाती पडतात, उपयोगिता प्रमाणपत्राची घाई असते आणि पुरवठादार आणून देईल तो संच घेतला जातो. यादी ऑगस्टमध्येच तयार असेल, तर मार्चमध्ये संच नाकारता येतो. ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक बालभारतीने मोफत वाचनासाठी खुले केलेले आहेत, त्यांतील आरोग्य आणि विज्ञानाचे लेख निवडून, आजच्या माहितीशी ताडून घेतले तर त्याला रुपयाही लागत नाही. आणि निवड कोणी करायची हा प्रश्न उरतोच, कारण पट हजाराच्या आत असला की पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही आणि ग्रंथालयाची किल्ली बहुधा कोणा शिक्षकाच्या खिशात असते. त्यांच्या वेळापत्रकातून आठवड्याचे दोन तास ग्रंथालयासाठी मोकळे केल्याखेरीज यातले काहीही होणार नाही.

शेवटची विनंती यादीच्या स्वरूपाविषयी आहे. प्रत्येक पुस्तकापुढे प्रकाशनाचे वर्ष, पृष्ठसंख्या आणि ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे लिहावे. आणि यादी फलकावर लावण्यापूर्वी आठवीच्या दोन-चार मुलामुलींना दाखवून यांतले कोणते पुस्तक घ्यावेसे वाटते, कोणते नाही आणि का नाही, हे विचारावे. त्यांनी सांगितलेली कारणे लिहून ठेवावीत. येत्या ऑक्टोबरच्या आत ज्या शाळा हे करतील त्यांनी आपल्या याद्या शेजारच्या शाळांना पाठवाव्यात. आमच्या शाळेची यादी मी त्या सर्वांना देण्यास तयार आहे, आणि तिच्यातील उणिवा कोणी कळवल्या तर त्या दुरुस्त करण्याचेही आश्वासन देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एका माध्यमिक शाळेतील अर्धवेळ ग्रंथपाल